ऊनघराचं दार कोणी उघडलं?

किसना, गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना तुझ्यासारखा भाऊ नसेल. काल तुझी तेरवी झाली, संध्याकाळी मांडववाला खुर्च्या उचलून घेऊन गेला, आणि आज सकाळपासून मी ओट्यावर बसून तुझ्याशी भांडते आहे. तू असताना निम्म्यावर राहिलेलं भांडण. ऊनघराचं दार कोणी उघडलं, हे भांडण.

गेल्या उन्हाळ्यापासून मी या एकाच गोष्टीच्या मागे होते, हे तुला चांगलं ठाऊक होतं. लाकडं बिघडली त्याचं मला एवढं नव्हतं. तू चार लोकांत माझं नाव घेतलंस, त्याचं होतं. आणि तू असा उठून चालता झालास तेव्हा रडण्याच्या आधी माझ्या मनात काय आलं, सांगू? की हा माझ्यावर आळ ठेवूनच गेला. बाया मला पाणी पाजत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मी आतल्या आत विचारत होते, किसना, एकदा डोळे उघड आणि सांग, तुले खरंच वाटे का रे, की मीच उघडलं?

मी संशयी आहे, मान्य. माझी सगळी नोकरी चिखलीच्या एका कार्यालयात आवक टेबलावर गेली. आलेला कागद आधी उलटा करून बघायचा, मग सुलटा. शिक्का ताजा आहे का, सही दुसऱ्याच कोणी ठोकली आहे का. निवृत्त झाल्यावर साखरखेर्ड्याला येऊन तुझ्या भिंतीला भिंत लावून घर बांधायला काढलं, तेव्हा तू गवंड्याला म्हणालास, "मिस्त्री, विटा पाहून लावजा. ताई एकेक वीट वाजवून पाह्यते." आणि मी वाजवल्याच. त्यातल्या काही कच्च्या निघाल्या. ते मात्र तू कोणाला कधी सांगितलं नाहीस.

म्हणूनच, लोणारला जाऊन येतो म्हणालास आणि एस.टी.तून उतरलास तो खांद्यावर मळक्या प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी घेऊन, तेव्हा मी तुला फाटकातच अडवलं.

"काय हाय ते?"

"प्लास्टिक."

"ते दिसते मले. कायचं?"

"एकाचं पॉलिहाऊस वादळात उडालं. त्यातलं उरलेलं. तो फेकूनच देऊन राह्यला होता."

"आन तू काऊन आणलं?"

"ऊन कोंडाले," म्हणालास, आणि हसत हसत आत गेलास.

ऊन कोंडाले म्हणे! मला वाटलं, याला कोणीतरी पक्कं बनवलंय. दुपारचं जेवून तू मोबाइल घेऊन बसायचास, तिकडे परमुलखातली माणसं लाकडाच्या थप्प्या रचून वाळवून दाखवायची, त्यांची भाषा तुला कळत नव्हती, तरी तू मान डोलवायचास. मी मंदाला विचारलं, "हे काय चालू हाय याचं?" तुझ्या बायकोनं नेहमीसारखे खांदे उडवले. तिच्या त्या खांदे उडवण्यावरही माझा संशय होता. या बाईला सगळं माहीत असतं आणि ती सांगत नाही, असं मला तुमच्या लग्नापासून वाटत आलंय.

मग वाड्यामागच्या मोकळ्या जागेत तुझं ते लाकूड वाळवायचं ऊनघर उभं राहिलं. निलगिरीच्या बल्ल्या, दक्षिणेकडे उतरतं प्लास्टिकचं छप्पर, आत जुने पत्रे काळ्या रंगानं रंगवलेले, मागच्या भिंतीला वर-खाली दोन झडपा. बिघडलेल्या कॉम्प्युटरातले दोन पंखे काढून आणलेस आणि ते फवारणीच्या पंपाबरोबर आलेल्या पॅनलला जोडलेस. ऊन पडलं की पंखे आपोआप फिरायचे, ढग आला की थांबायचे. जाणारे-येणारे विचारायचे, "मिस्त्री, पोल्ट्री टाकली का?" तू म्हणायचास, "हाव, लाकडाची अंडी देते." मला मात्र लाज वाटायची. सुताराचं घर आपलं, बाबांनी जन्मभर लाकूड हौदात बुडवून ठेवलं, मग गोठ्याच्या सावलीत वर्ष-वर्ष सुकवलं, आणि हा उन्हात शिजवायला निघालाय.

"उन्हात टाकलेलं लाकूड फाटते. बाबानं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"उन्हात नाई टाकत ताई. उन्हाच्या घरात ठेवतो."

"त्यात फरक काय?"

तेव्हा तू हातातलं काम टाकून मला तासभर समजावलंस. ते सगळं मला आठवतं, कारण मी तुझी चूक शोधत ऐकत होते. ओल्या लाकडाची वरची कातडी आधी वाळली आणि आतलं ओलंच राहिलं की ते तडकतं. म्हणून पहिले काही दिवस झडपा जवळजवळ बंद. आतल्या आत दमट गरमी राहू द्यायची. दिवसा वाळतं, रात्री गार होऊन आराम करतं, तेवढ्यात आतलं पाणी बाहेरच्या अंगाला सरकतं. फळ्यांच्या टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासायचा, कारण टोकं सगळ्यात आधी उलतात. फळीवर फळी ठेवायची नाही, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या. आणि थप्पीवर दगड, म्हणजे वरच्या फळ्या वळत नाहीत.

"दोनच गोष्टी लक्षात ठेवजो," तू म्हणालास. "दुपारी दार उघडाचं नाई. आन वरचे दगड हालवाचे नाई. बाकी सारं ऊन पाहून घेते."

खुणेची एक फळी तू रोज सकाळी गार असताना काढून तोलायचास. वजन उतरायचं थांबलं की माल तयार. त्या तोलण्याला तू मला मुद्दाम हाक मारायचास. मी आधी काटा रिकामा बघायची, मग फळीला कुठे ओला बोळा तर लावला नाही ना ते बघायची, मग वजन. तू कंटाळला नाहीस कधी. इतका सोशिक माणूस खरा कसा असेल, असंही मला वाटायचं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. पहिल्या मालातून तू माझ्या मागच्या खोलीला कडुनिंबाचं दार करून दिलंस. सबंध पावसाळाभर मी ते दार रोज लावून पाहिलं, उघडून पाहिलं. कुठे फुगतंय का, कुठे घासतंय का. तू विचारलंस, "कसं हाय दार?" तर मी म्हटलं, "पाहू." नंतर दिवाळी आली, पुन्हा विचारलंस, तरी "पाहू" म्हटलं. किसना, दार फार छान झालं होतं रे. एका बोटानं लागतं. तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं, पण तू इतका खूश झाला असतास की मला ते बघवलं नसतं.

मग गेल्या वर्षीचा उन्हाळा आला. अमडापूरच्या त्या कापडदुकानवाल्यानं नव्या घराची सगळी दारं तुला सांगितली. एवढं मोठं काम तुला पहिल्यांदाच मिळालं होतं. तू कडुनिंबाच्या फळ्या कापून आणल्यास, टोकं रंगवलीस, थप्पी लावलीस, आणि देवाला नारळ फोडावा तसा ऊनघरासमोर फोडलास. दुकानवाला माल बघायला आला त्या दिवशी मी पण आले. तू दार उघडलंस.

वरच्या फळ्या धनुकलीसारख्या वळल्या होत्या. तोंडावर चिरा. आणि थप्पीवरचे दगड खाली जमिनीवर, भिंतीला लावून, एका ओळीत.

मला काय, माझ्या अंगात आवक टेबल आलं. मी तिथेच उभी राहून विचारायला लागले. दगड कोणी उतरवले? वांदरांनी? वांदरं दगड फेकतील, ओळीत लावतील का? शेळीनं? आरागिरणीवाला परवा मागे हात बांधून इकडं बघत उभा होता, त्यानं? मग माझी नजर मंदाकडे गेली. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, पदर तोंडाशी.

"मंदा, तू उघडलं का?" मी म्हटलं. "माह्याकडं पाह्य. तू उघडलं का?"

तिनं तुझ्याकडे पाहिलं. आणि तू, माझा भाऊ, मध्ये बोललास.

"तिले काऊन इचारून राह्यली? ताई, तूच उघडलं असन. तुले आत पाह्याची खोड हाय."

"म्या? अरे, माह्या खांद्यानं पान्याचा तांब्या उचलत नाही, ते दगड उचलन मी?"

"संशयात लय जोर असते ताई."

दुकानवाला हसला. ते हसणं मी विसरलेली नाही. त्यानं पुढे दारं दुसरीकडून करून घेतली, आणि त्याच्या तोंडून की कुणाच्या, पण अख्ख्या बाजारात झालं की मिस्त्रीच्या बहिणीनं संशयापायी लाकडं फोडली. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणे, "ताई, टोपलं उघडून पाहता का?" मी घरी येऊन रडले. भाजीवालीचं काही नाही, ती सगळ्यांनाच बोलते. तू बोललास म्हणून रडले.

त्यानंतर आपण बोलत होतो, पण ते काय बोलणं? तू मंदाच्या तोंडी निरोप पाठवायचास, मी मंदाच्या तोंडी उत्तर. राखी बांधली ती मनगटाकडे बघून. भाऊबिजेला आलास, पाटावर बसलास, ओवाळून घेतलंस, दोन करंज्या खाल्ल्यास आणि उठलास. ऊनघराचं अक्षर काढलं नाहीस. आणि मी तपास सोडला नव्हता. आरागिरणीवाल्याला मी रस्त्यात गाठून विचारलं. तो कानाला हात लावून शपथा घ्यायला लागला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. खरा माणूस इतक्या शपथा घेत नाही.

यंदाच्या थंडीत एकदा तू माझ्या दारात येऊन उभा राहिलास. हातात टोपी. मी तूर निवडत होते.

"ताई, एक सांगाचं होतं."

मी सूप खाली पण ठेवलं नाही. "काऊन? आता आणखी काय उघडलं म्या?"

तू हसलास. सुपातली तूर चिमटीत घेऊन पाहिलीस. मग म्हणालास, "नाई, काही नाई. तूर चांगली हाय," आणि गेलास. मी मागून बघत राहिले. मला वाटलं, ऊनघर वाढवायचं असेल याला, माझ्या हद्दीत एक बल्ली रोवायची असेल. उठून तुझ्या मागे आले नाही. ती तूर अजून डब्यात आहे आणि मला ती शिजवावीशी वाटत नाही.

तू गेलास ती सकाळही मी अशीच बघितली, संशयानं. तू खुणेची फळी तोलून बाहेर आलास, ऊनघराच्या पायरीवर बसलास आणि छातीवरून हात फिरवलास. महिनाभर मला वाटत होतं, हा पित्त पित्त म्हणतो ते पित्त नाही. मंदाला बोलले होते, तुला बोलले नव्हते, कारण आपलं बोलणं नव्हतं. मंदानं हाक मारली, मी चपला न घालता आले, आणि तू माझ्याकडे पाहिलंस. काही बोलायला तोंड उघडलंस. दवाखान्यात न्यायला जीप आली तोवर तू गेलेला होतास.

मग ते सगळे दिवस. माणसं येत होती, आणि मी प्रत्येकाचं रडणं उलटं करून बघत होते. आरागिरणीवाला सगळ्यात मोठ्यानं रडला. तुझं ऊनघर चाललं असतं तर ज्याचं वाळलेलं लाकूड कोणी घेतलं नसतं, तो इतका का रडतो? कापडदुकानवाला आला, चहा प्याला, "माणूस सोन्यासारखा होता" म्हणाला आणि जाताना ऊनघराकडे वळून बघितलं. आणि मंदा. मंदा माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मी तिच्या जवळ बसले की ती उठायची, पाणी आणते म्हणायची. मला कळत होतं, हिच्या पोटात काहीतरी आहे.

काल तेरवीच्या पंगतीत मला शेवटच्या ओळीत बसवलं. बुंदी आली, पुऱ्या आल्या, आणि वाढपी पानात कुरडई टाकून गेला. मी तुकडा मोडला, तोंडात घातला. आणि थांबले.

कडुनिंब.

कडू नव्हती रे. वास. ओल्या कडुनिंबाचा, गरम, कोंडलेला, तुझ्या ऊनघराचं दार उघडल्यावर येतो तोच. मी दुसरा तुकडा नाकाशी धरला. शेजारची बाई म्हणाली, "जुनी असन ताई, ठेवून द्या." मी ठेवली नाही. हातातली कुरडई तशीच घेऊन पंगतीतून उठले. पंगत चालू असताना उठू नये हे मला कळतं. उठले तरी.

मंदा स्वयंपाकघरात परातीत पुऱ्या मोजून ठेवत होती. आचाऱ्यानं वरच्या फळीवरचा डबा परस्पर काढला होता, तो तिच्यासमोर उघडा होता. मी कुरडई तिच्या पुढ्यात धरली.

"मंदा, ह्या कुठं वाळवल्या?"

ती एकदम खाली बसली. रडली नाही. रडणं संपलं होतं तिचं.

"ह्यायनंच ठेवल्या ताई," ती म्हणाली. "माह्यानं आता नाई लपवल्या जात."

मग तिनं सांगितलं. गच्चीवर घातलेल्या पहिल्या घाण्याच्या कुरडया वांदरांनी नेल्या. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा सुटला, सगळी माती. ती चिकाचं पातेलं घेऊन ओसरीवर रडत बसली होती. आणि तू, दुपारी दार उघडायचं नाही असं जगाला सांगणारा तू, तिला म्हणालास, "रडते काऊन येडे? आन इकडं. एवढं मोठं ऊनघर कोनासाठी बांधलं?" तूच दगड उतरवून ओळीत लावलेस. तूच थप्पीवर ताटं मांडलीस. दुपारी दार उघडून उलथवायला तूच जायचास, आणि येताना एक अर्धी ओली तोंडात टाकून यायचास.

"म्हणत होते, दोन दिवसानं काय होते लाकडाले," मंदा म्हणाली. "दगड वापस ठेवाच्या आधीच गिऱ्हाईक आलं. त्या दिवशी मी सांगनारच होती ताई. तुम्ही इचारलं आन माह्या तोंडाशी आलं होतं. पन ह्यायनं तुमचं नाव घेतलं."

"काऊन?" मी विचारलं. "माह्यंच काऊन?"

"मीबी तेच इचारलं. लय भांडली मी त्यायच्याशी. त मले म्हणे, गिऱ्हाइकासमोर माह्यावर आलं असतं त उद्या कोनी मले काम देलं नसतं. तुह्यावर आलं असतं त तू जलमभर मनात धरून बसली असती. ताईवर घातलं त चालते. ताई चिडन, वरडन, बाजार डोक्यावर घेइन. पन ताई आपल्याले सोडून कुठी जात नाही."

मी तिथेच पुऱ्यांच्या परातीजवळ बसले, किसना. बाहेर पंगत चालू होती, कोणीतरी "ताई कुठं गेल्या" म्हणून विचारत होतं. मंदानं माझा हात धरला आणि मी तो काढून घेतला नाही. मी तिला काय काय समजले होते! ती माझ्याकडे बघत नव्हती, कारण तिला माझं तोंड बघवत नव्हतं. "थंडीत एकदा हे तुमच्याकडं आले होते सांगाले," ती म्हणाली. "वापस आले त म्हणे, ताई आज तुरीत गुंग हाय, उद्या जातो."

उद्या म्हणे! खोटारडा कुठचा. तो मेला दुकानवाला हसला तेव्हा तुला काही वाटलं नाही? बाजारात माझी फजिती झाली, मी इतके महिने तोंड लपवून भाजी आणली, आणि तू पलीकडच्या भिंतीला बसून फळ्या तोलत होतास? वाळलेल्या मालाबद्दल जगाला इतकं शिकवणारा माणूस, आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की दगड काय नि नियम काय, सगळं खाली उतरवून ठेवणारा. मला इतका राग आला आहे की तू समोर असतास तर ते निवडायचं सूप तुझ्या डोक्यात घातलं असतं. आणि मला इतकं बरं वाटतं आहे की काय सांगू. तू मला तसं समजून गेला नाहीस. एका दिवसासाठीसुद्धा समजला नव्हतास. तुला पहिल्यापासून माहीत होतं.

जगात तुला एकच माणूस असं माहीत होतं, की ज्याच्यावर खोटा आळ घातला तरी ते उद्या सकाळी पुन्हा आपल्याच दारात भांडायला उभं राहील. आज सकाळी मी खरंच तुझ्या दारात जाऊन उभी राहिले. मंदा आत झोपली होती, तिला उठवलं नाही. उभी राहिले, आणि मग ओट्यावर येऊन बसले. आता गावात माझ्याबद्दल कोणी काही बोललं तर ते खरंच तसं समजून बोलेल. हक्कानं खोटा आळ घालील असं माझं कोणी उरलं नाही, किसना.